मोटारसायकल, जुनी : कार्ब्युरेटर व प्लग यांचे दोष

पेट्रोल एंजिनात हवा व पेट्रोल यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करणाऱ्या साधनास कार्ब्युरेटर म्हणतात. हे मिश्रण पेटविण्यासाठी सिलिंडराच्या माथ्यात बसविलेल्या ठिणगी गुडदीस प्रचारात प्लग असे नाव आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटराची जागा जवळजवळ सर्वत्र इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपणाने घेतली. तथापि १९५५ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या एनफील्ड इंडिया या कंपनीची बुलेट, म्हैसूर येथे १९६१ ते १९९६ या काळात तयार झालेल्या जावा व येझदी, एस्कॉर्ट्‌स कंपनीची राजदूत इ. जुनी वाहने आजही हजारोंच्या वापरात आहेत. बिघाडाची सूचना देणारी कोणतीही व्यवस्था या वाहनांवर नसते. कान, नाक, डोळे आणि थोडी हत्यारे यांच्या साहाय्याने तो माणसालाच शोधावा लागतो. या शोधात सर्वाधिक वेळ आणि पैसा वाया जातो तो एका गोंधळामुळे. इंधन कमी पडले वा ठिणगी कमजोर झाली, तर एंजिन वरवर पाहता सारख्याच तक्रारी करते. परिणामी ठिणगीच्या दोषासाठी कार्ब्युरेटर उघडला जातो व त्यात नसलेला दोष निर्माण होतो. किंवा मिश्रणाच्या दोषासाठी प्लगमागून प्लग बदलले जातात आणि मूळ दोष दट्ट्या निकामी होईपर्यंत तसाच राहतो.

पूर्वपीठिका : एत्येन लन्वार यांनी १८६० मध्ये केलेल्या वायू एंजिनात विजेच्या ठिणगीने प्रज्वलन होत असे, परंतु ती पद्धत विश्वसनीय होण्यास बराच काळ लागला. बॉश यांच्या कारखान्यातील गोटलोप होनोल्ट यांनी १९०२ मध्ये उच्च विद्युत् दाबाचा मॅग्नेटो व त्याला जोडलेला प्लग सिद्ध केला. कार्ब्युरेटराच्या बाबतीत १८९३ हे वर्ष महत्त्वाचे आहे. जर्मनीत व्हिल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी त्याच सुमारास पेट्रोल तुषाररूपाने उडविणारे कार्ब्युरेटर तयार केले. भारतात मोटर इंडस्ट्रीज कंपनी ही बंगलोर येथे १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने निघाली. तिच्या ‘मायको’ या नाममुद्रेचा जुन्या पिढीवर एवढा ठसा होता की, प्लग मागताना बहुधा मायकोच मागितला जाई.

कार्य : कार्ब्युरेटराच्या नळीचा मधला भाग निमुळता असतो. तेथून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. जोव्हान्नी बात्तीस्ता व्हेंतूरी (१७४६–१८२२) यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. घटलेल्या दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल सूक्ष्म छिद्राच्या पितळी जेटमधून वर ओढले जाते. वाटीतील पेट्रोलची पातळी स्थिर राखण्याचे काम फ्लोट हा तरंगता भाग करतो. पातळी वाढली की, तो वर उचलला जाऊन सुईसारखी झडप बंद करतो. एक भाग पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. जास्तीत जास्त शक्ती १२.५ ते १३ या प्रमाणास मिळते. पेट्रोलचे प्रमाण यापेक्षा बरेच वाढल्यास मिश्रण समृद्ध आणि घटल्यास विरल झाले असे म्हणतात. ठिणगीने पेटण्याची मर्यादा ढोबळमानाने ८ ते २० यांच्या दरम्यान असल्याने बराच बिघडलेला कार्ब्युरेटरही एंजिन कसेबसे चालू ठेवतो, आणि म्हणूनच दोष दीर्घकाळ लपून राहतो.

जुन्या पद्धतीच्या प्रज्वलनात ६ वा १२ व्होल्टच्या बॅटरीतील प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून व पॉइंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संपर्कांतून वाहतो. एंजिनावरील उंचवट्यामुळे पॉइंट उघडले की प्रवाह खंडित होतो आणि बारीक तारेच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगच्या दोन अग्रांमध्ये ठिणगी पडते. चार धावांच्या एंजिनात मिनिटाला ३,००० फेऱ्या होत असल्यास प्लगला मिनिटाला १,५०० वेळा ठिणगी द्यावी लागते; दोन धावांच्या एंजिनात ही संख्या दुप्पट असते [→ अंतर्ज्वलन एंजिन].

निदानाचा क्रम : एंजिन सुरू होण्यास पेटण्याजोगे मिश्रण, पुरेसे संपीडन आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी या तीन गोष्टी लागतात. किक मारताना पायाला नेहमीचा विरोध जाणवत असेल, तर संपीडन तूर्त ठीक समजावे व उरलेल्या दोहोंत निवड करावी. आठ-दहा किक मारून लगेच प्लग काढून पाहणे, हा त्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होय. प्लग कोरडा असेल, तर सिलिंडरात पेट्रोल आलेलेच नाही. शोध टाकीपासून सुरू करावा. तो पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोहोचले पण पेटले नाही. अशा वेळी कार्ब्युरेटराला हात न लावता ठिणगी तपासावी. ओला प्लग पुसून व वाळवून बसविल्यावर एंजिन सुरू झाले आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच घडले, तरच वाटीतील पातळी वा चोक यांचा संशय घेणे योग्य ठरते.

ठिणगी तपासण्याची रूढ रीत म्हणजे बाहेर काढलेला प्लग टोपीत बसवून, त्याचे धातूचे अंग सिलिंडराच्या माथ्याला टेकवून किक मारणे. ही रीत उपयुक्त असली, तरी तिच्यावर वाजवीपेक्षा अधिक विश्वास ठेवला जातो. वायूचा दाब वाढला की, तेच अंतर ओलांडण्यास अधिक विद्युत् दाब लागतो. उघड्या हवेत अर्ध्या मिलिमीटरची फट दोन-अडीच हजार व्होल्टला ओलांडता येते. संपीडित मिश्रणात त्याच फटीला कित्येक पट दाब लागतो. त्यामुळे बाहेर ठिणगी देणारा प्लग आत मुका राहू शकतो. कॉइलची खरी परीक्षा घ्यावयाची, तर मुद्दाम ५–६ मिमी. फट ठेवलेल्या जुन्या प्लगवर ती घ्यावी. एवढे अंतर निळसर, टचकन आवाज करणाऱ्या ठिणगीने ओलांडले गेले, तर प्रज्वलन मंडल निर्दोष मानता येते. पिवळट वा तांबूस, बारीक ठिणगी दुर्बलतेची खूण होय. प्लगच्या भोकातून किकबरोबर पेट्रोलचे तुषार बाहेर पडतात, म्हणून चाचणीचा प्लग भोकापासून शक्य तितका दूर धरणे आवश्यक असते. या एका बाबतीतील निष्काळजीपणामुळे वाहन पेट घेऊ शकते.

चालत्या वाहनाची लक्षणेही बोलकी असतात. पेट्रोल कमी पडू लागले की, एंजिन हळूहळू दम सोडते आणि चोक ओढल्यास काही क्षण सावरते. ठिणगी तुटली, तर ते दिवा मालवावा तसे एकाएकी थांबते किंवा मधूनमधून गचके देते, आणि न जळलेले मिश्रण सायलेन्सरमध्ये पेटून बार उडतो. कार्ब्युरेटराच्या तोंडातून उलट फटकारा येणे हे बहुधा विरल मिश्रणाचे चिन्ह असते.

फसविणारे एक लक्षण मात्र वेगळे सांगितले पाहिजे. वाहन सकाळी व्यवस्थित सुरू होते, पाच-सात किलोमीटर जाते, बंद पडते आणि काही वेळ थांबल्यावर जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा चालू लागते. याला दोन अगदी भिन्न कारणे असू शकतात. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र मळाने बुजले असल्यास पेट्रोल कमी होईल तशी टाकीत अंशतः निर्वात पोकळी निर्माण होते व प्रवाह थांबतो. दुसरे कारण म्हणजे जुनी कॉइल; तापल्यावर तिच्या आतील निरोधन दगा देते आणि निवल्यावर पूर्ववत होते. दोहोंतील निवाडा रस्त्याच्या कडेलाच, वाहन गरम असतानाच करावा लागतो. झाकण उघडताच सुस्कारा ऐकू आला व एंजिन सुरू झाले, तर दोष छिद्राचा. झाकण उघडूनही ते मुके राहिले व प्लग ओला पण ठिणगीविना आढळला, तर दोष कॉइलचा किंवा कंडेन्सरचा. घरी नेऊन थंड झालेल्या वाहनात या दोहोंपैकी काहीच सापडत नाही, आणि मग निष्कारण कार्ब्युरेटर धुतला जातो.

प्लगचे रूप : काही काळ नेहमीच्या वेगाने चालविलेल्या वाहनाचा प्लग एंजिनाच्या आतील परिस्थितीची नोंद दाखवितो. मध्यवर्ती अग्राभोवतीचे निरोधकाचे पांढरे टोक फिकट तपकिरी वा करडे असेल, तर सर्व ठीक असते. कोरडी, मखमली काजळी समृद्ध मिश्रण, दीर्घकाळ ओढलेला चोक अथवा बुजलेला हवा गाळक दर्शविते. चकचकीत, ओला काळा थर तेलाचा असतो. चार धावांच्या एंजिनात तो झिजलेल्या कड्यांतून किंवा झडपेच्या मार्गदर्शकातून आलेला असतो व प्लग बदलून तो जात नाही. पांढरेफटक, फोड आलेले टोक आणि वितळू लागलेले अग्र सर्वांत गंभीर होय. मिश्रण विरल, ठिणगीची वेळ चुकीची किंवा प्लग अयोग्य, यांपैकी काहीतरी घडले आहे आणि वाहन तसेच पुढे हाकल्यास दट्ट्याला भोक पडू शकते. नुसते मंद गतीवर चालवून काढलेला प्लग मात्र जवळजवळ नेहमीच काळा दिसतो व त्यावरून काढलेला निष्कर्ष निरर्थक असतो. भर वेगात चालविताना क्लच दाबून एंजिन त्याच क्षणी बंद करावे, वाहन तसेच थांबू द्यावे व मग प्लग पाहावा.

जुन्या पुस्तकांतील रंगाचे वर्णन आज जसेच्या तसे लागू पडत नाही. ती पुस्तके शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहेत. भारतात अशा पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २००० पासून बंद झाली. शिसेरहित पेट्रोलमध्ये निरोप्य एंजिनाच्या प्लगचा रंगही अधिक फिकट दिसतो. पुस्तकात सांगितलेला गडद तपकिरी रंग मिळविण्याच्या हट्टाने मिश्रण समृद्ध करीत गेल्यास पेट्रोल व्यर्थ जाते.

प्लगची उष्णता-श्रेणी हा स्वतंत्र विषय आहे. निरोधकाचे टोक सुमारे ४५०°–५००° से. पेक्षा थंड राहिले, तर त्यावरील काजळी जळून जात नाही. सुमारे ८५०° से.च्या वर गेले, तर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. लांब टोकाचा प्लग उष्णता सावकाश सोडतो म्हणून ‘उष्ण’ व आखूड टोकाचा ‘थंड’ म्हणविला जातो. क्रमांकांच्या बाबतीत मोठी गफलत होते. बॉशच्या जुन्या पद्धतीत मोठा आकडा थंड प्लग दर्शवी, नव्या पद्धतीत लहान आकडा थंड असतो, तर जपानी एनजीके कंपनीचा मोठा आकडा थंड असतो. बॉशचा जुना डब्ल्यू-१७५ हा नव्या डब्ल्यू-७ च्या जवळपास येतो. आट्यांची लांबीही जुळली पाहिजे. ती जास्त असल्यास प्लग दट्ट्यावर वा झडपेवर आदळू शकतो. बुलेटसारख्या एंजिनात फट सुमारे ०.५ मिमी. ठेवतात. प्लग प्रथम हाताने पूर्ण बसवून, नवी चकती असल्यास पान्याने फक्त पाव ते अर्धा फेरा आवळावा. ॲल्युमिनियमच्या माथ्यातील आटे यापेक्षा अधिक बळ सोसत नाहीत.

पॉइंट व कंडेन्सर : पॉइंटची फट बुलेटमध्ये ०.३५ ते ०.४० मिमी. असते. उंचवट्यावर घासणारी त्यांची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. एंजिन तापते, चढावर दमते, आणि चालकाला कार्ब्युरेटराचा संशय येतो. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच मोठा निळा प्रकाश दिसत असेल व पृष्ठभाग जळून खड्डे पडत असतील, तर कंडेन्सर निकामी झालेला असतो. हा लहानसा, स्वस्त भाग जेवढ्या वाहनांना रस्त्यावर उभा करतो तेवढे क्वचितच दुसरा कोणता करीत असेल. जुन्या बुलेटच्या हँडलजवळील अँपिअरमापक या कामी सुंदर साहाय्य करतो. किल्ली फिरवून किक सावकाश दाबली असता पॉइंट मिटताच काटा वजा बाजूस झुकतो व उघडताच मध्यावर येतो. तो मध्यावरच राहिला, तर पॉइंट मळलेले आहेत किंवा मंडल तुटले आहे. झुकलेलाच राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर आतून जुळला आहे. प्लगच्या वायरीला पडलेल्या चिरा दिवसा दिसत नाहीत. पावसाळ्यात अंधारात एंजिन चालू ठेवून पाहिल्यास तेथून निसटणाऱ्या ठिणग्या स्पष्ट दिसतात.

कार्ब्युरेटरातील दोष : ठिणगी निर्दोष ठरल्यावरच हा भाग हाती घ्यावा. दोष नेमका कोठे आहे, हे तो कोणत्या वेगाला जाणवतो यावरून कळते. सरकती झडप बंद असताना ते एक-अष्टमांश उघडेपर्यंत मंदगती जेट व हवेचा स्क्रू यांचा अंमल असतो. त्यापुढे एक-चतुर्थांशापर्यंत सरकत्या झडपेच्या तिरप्या कापाचा. तेथून तीन-चतुर्थांशापर्यंत सुई व तिच्याभोवतीच्या जेटचा. आणि शेवटी मुख्य जेटचा. मंद गतीला एंजिन बंद पडते पण वेगात उत्तम चालते, तर मुख्य जेट बदलून काहीच साधणार नाही. मंदगती जेटाचे केसाएवढे छिद्र बुजले असण्याचा संभव मोठा. हवेचा स्क्रू साधारणपणे पूर्ण आवळून दीड ते दोन फेरे सोडलेला असतो. मध्यम वेगात पेट्रोल अधिक खाणाऱ्या जुन्या वाहनात सुईच्या सततच्या घर्षणाने जेटाचे भोक लंबवर्तुळाकार झालेले आढळते. तो जेट सुईसह बदलणे हाच उपाय.

जेट साफ करताना त्यात पोलादी तार घालू नये. पितळ मऊ असल्याने छिद्र मोठे होते व कार्ब्युरेटर कायमचा बिघडतो. पेट्रोलने धुऊन हवेचा झोत मारणे पुरेसे असते. वाटीच्या तळाशी पाण्याचे थेंब किंवा तांबूस गाळ आढळला, तर टाकी आतून गंजलेली आहे. ती स्वच्छ केल्याशिवाय कार्ब्युरेटराची सफाई टिकत नाही. वाटी भरून वाहत असल्यास सुईच्या टोकावरील झीज, तीत अडकलेला कचरा किंवा भोक पडून पेट्रोल भरलेला फ्लोट ही कारणे शोधावीत. फ्लोट कानाशी हलविल्यास आतील पेट्रोल डचमळताना ऐकू येते.

कार्ब्युरेटर व सिलिंडर यांच्या जोडावरील चकतीतून हवा शिरल्यास मंद गती आपोआप वाढते, वरखाली होते व मिश्रण विरल बनते. जोडाभोवती तेलाचे थेंब सोडताच गती बदलली, तर गळती तेथेच आहे. कार्ब्युरेटर घट्ट बसावा म्हणून नटा अतिशय आवळण्याच्या सवयीने त्याची बैठक वाकडी होते. अनेक वाहनांत ही गळती अशा दुरुस्तीनेच निर्माण झालेली असते.

दोन धावांची एंजिने : जावा, येझदी व राजदूत यांत वंगण तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. त्यामुळे बुजलेला जेट या एंजिनांत केवळ इंधनच नव्हे, वंगणही तोडतो आणि विरल मिश्रणाची शिक्षा फार लवकर मिळते; दट्ट्या सिलिंडरात जाम होतो. घाटाच्या लांब उतारावर झडप पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये उतरण्याने हेच घडू शकते. अधूनमधून थोडे पेट्रोल देत राहणे, ही जुन्या चालकांची सवय याच कारणाने होती. भुजादंडाच्या टोकांवरील रबरी सीलही येथे मिश्रणाच्या मार्गाचाच भाग असतात. विद्युत् जनित्राच्या बाजूचे सील फाटले, तर हवा आत येते व कार्ब्युरेटरात कितीही फेरफार केले तरी विरलता जात नाही. दुसऱ्या बाजूचे फाटल्यास गिअरपेटीतील तेल ओढले जाते, पांढरा धूर निघतो व प्लग वारंवार तेलकट होतो.

उंची व इंधनातील बदल : हवेची घनता उंचीबरोबर घटते, पण जेट तेवढेच राहतात, म्हणून डोंगरावर मिश्रण समृद्ध होते. महाबळेश्वरच्या सुमारे १,३७० मी. उंचीवर हा फरक अल्प असतो. सुमारे ३,५०० मी. वरील लेह येथे मिश्रण जवळजवळ एक-पंचमांशाने समृद्ध बनते, एंजिन काळा धूर सोडते व प्लग काजळतो. सुई एक खाच खाली उतरविणे वा लहान मुख्य जेट बसविणे इष्ट असते. परतताना मूळ स्थिती पुन्हा आणण्याचा विसर पडल्यास सपाटीवर मिश्रण विरल होते व तो विसर महागात पडतो.

अलीकडचा महत्त्वाचा बदल एथेनॉलचा आहे. महाराष्ट्रातील साखर उद्योगाशीही संबंध असलेले हे अल्कोहॉल २०% प्रमाणात मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून विक्रीस आले व २०२५ मध्ये देशात ते प्रमाण सार्वत्रिक होऊ लागले. एथेनॉलच्या ज्वलनाला वजनाने केवळ ९ पट हवा लागते. साहजिकच या मिश्रित इंधनासाठी योग्य प्रमाण सुमारे १३.५ पर्यंत उतरते, आणि पूर्वीच्या पेट्रोलसाठी आखलेले जेट त्याला विरल ठरतात. प्लग पूर्वीपेक्षा पांढरा दिसू लागला व एंजिन अधिक तापू लागले, तर सुई एक खाच वर घेऊन किंवा मुख्य जेट थोडा मोठा करून पाहावा. एथेनॉल जुन्या रबरी नळ्या व चकत्या फुगवते आणि हवेतील ओलावा शोषते. बाष्प पुरेसे जमल्यास पाणी व एथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. जी वाहने महिनोन्‌महिने उभी राहतात, त्यांत कार्ब्युरेटराची वाटी रिकामी करून ठेवणे व शक्य तेव्हा नळ्या एथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या बसविणे हितावह असते.

दक्षता : दुरुस्तीत एका वेळी एकच फेरफार करावा व मूळ मापे लिहून ठेवावीत, प्लग, जेट आणि पॉइंट एकदम बदलल्यास दोष गेला तरी तो कोणता होता हे कळत नाही व तो परतल्यावर शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. पेट्रोलची वाफ शून्याखालील तापमानासही पेट घेऊ शकते व हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते; काम उघड्यावर, ज्योत व विडीकाडीपासून दूर आणि एंजिन थंड असताना करावे. कार्बन मोनॉक्साइडाला वास नसतो. म्हणून मंद गती जुळविण्यासाठी बंद खोलीत एंजिन चालू ठेवू नये.